पाव अंश

"खोली गळते आहे," जावई म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले. "यंत्र चोख आहे, तारा शांत आहे. घोळ आहे तो खोलीत. ती कोणाच्या ताब्यात असते, हे मी वेगळं सांगायला नको."

माझ्या ताब्यात असते. एकोणीस वर्षं झाली.

मी म्हटलं, "डॉक्टर, आडून बोलू नका. मी समोरच बसले आहे."

कामावर मी त्यांना डॉक्टर म्हणायचे, घरी जावईबापू. ते मला घरी आई म्हणत आणि कामावर बाई. त्या दिवशी दुपारी साडेतीनला, बैठकीच्या खोलीत, त्यांनी मला बाईसुद्धा म्हटलं नाही. "संबंधित विभागाने लक्ष द्यावं," म्हणाले. संबंधित विभाग म्हणजे मी एकटी. त्यांच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. आल्या आल्या मी विचारलं, तर म्हणाले, दारात सापडला. मी म्हटलं, जपा हो, लिहिता हात आहे तो. असं म्हटलं मी! आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

आधी खोलीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या टेकडीवर दुर्बिणीचा घुमट आहे आणि घुमटाच्या खाली, तीन जिने उतरून, ही खोली. खोलीत एक पोलादी टाकी आहे, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा उजेड काचेच्या केसाएवढ्या दोऱ्यातून त्या टाकीत उतरतो आणि तिथे त्याच्या हजारो बारीक रेघा होतात. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला, की तो ताऱ्याला जरासा आपल्याकडे ओढतो आणि त्या रेघा जागच्या हलतात. किती हलतात? काही नाही म्हटलं तरी चालेल एवढ्या. तेवढं मोजायचं तर टाकीत हवा नको, हादरा नको, आणि खोलीचा पारा अंशाच्या शंभराव्या भागानेही हलता कामा नये. ते सगळं मी सांभाळते. म्हणून मला सगळे टाकीबाई म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. लोकांना याहून वाईट नावं पडतात.

तर त्या खोलीत कोणी जात नाही. वितभर जाडीची दोन दारं, आत काळोख. मी वर्षातून तीनदा जाते आणि दहा मिनिटांत बाहेर येते. जावई चार वर्षं त्या यंत्रावर काम करत होते, पण त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. दाराबाहेर उभं राहून मला पाने-स्क्रू द्यायचे आणि म्हणायचे, "माझ्या अंगाची ऊब तिला नको." मला तेव्हा काय कौतुक वाटायचं! जो माणूस यंत्राला एवढा जपतो, तो बायकोला किती जपेल, असं मनात धरून मीच हे स्थळ माझ्या बबीसाठी बघितलं. एकुलती एक पोर. डोंबलाचं जपणं.

त्या बैठकीत आम्ही चौघं होतो. टेबलाच्या टोकाला थोरले सर, संस्थेचे प्रमुख. मग जावई, मी, आणि पाहुण्या आलेल्या एक बाई, ज्यांना आम्ही चुंबकवाल्या मॅडम म्हणायचो. ताऱ्यांना चुंबकत्व असतं, ते मोजणं हे त्यांचं काम. चुंबकत्व जोरात असलं, की ताऱ्याची एक रेघ फाटून तिच्या दोन-तीन रेघा होतात, असं त्यांनी मला एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. अशा ताऱ्याच्या अंगावर डाग उठतात, तारा फिरला की डागही फिरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, ग्रहच सापडला. भलेभले फसतात म्हणे.

जावयांना असाच एक ग्रह सापडला होता. अकरा दिवसांत एक फेरी मारणारा. मॅडमचं म्हणणं, ग्रह नाही, ताऱ्याचेच डाग आहेत. जावयांचं म्हणणं, तारा शांत आहे, फक्त सात रात्रींचं मोजमाप बिघडलंय, आणि ते खोलीमुळे बिघडलंय. त्या सात रात्री काढून टाका, ग्रह लख्ख दिसतो. त्यांनी फळ्यावर सात तारखा लिहिल्या.

"या सातही दिवशी दुपारनंतर खोलीचा पारा पाव अंश वर गेलाय आणि रात्रभर पुरता उतरलेला नाही," ते म्हणाले. "गारव्याचं यंत्र नीट बघितलं जात नाही, दुसरं काय?"

माझं डोकं भणाणलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं तेव्हा मला म्हणता आलं नाही, कारण चोर कोण ते मला माहीत नव्हतं. पण एकोणीस वर्षं ज्या खोलीला मी तान्ह्या पोरासारखं सांभाळलं, तिच्यावर हा कालचा आलेला माणूस बोट ठेवणार? जावई असला म्हणून काय झालं? मी उठले. आठवडाभर मी काय झोपा काढत नव्हते. माझी सगळी तयारी होती.

"सर, जरा भिंतीवर बघा," मी म्हटलं आणि पडद्यावर पाऱ्याच्या रेषा लावल्या. "गारव्याचं यंत्र बिघडलं तर पारा करवतीच्या दातांसारखा वरखाली होतो. दाराची पट्टी फाटली तर बाहेरच्या उन्हाबरोबर हळूहळू चढतो. हे तसं नाही. हे बघा, एकदम चढतो, मग तीन तास तिथेच बसतो, मग एकदम वळतो आणि हळूहळू उतरतो. म्हणजे ऊब देणारी वस्तू आत येते, बसते आणि निघून जाते."

"कसली वस्तू?" सरांनी विचारलं.

"माणूस," मी म्हटलं. "माणूस म्हणजे शंभर वॅटचा चालता-बोलता दिवा. मी गेल्या रविवारी स्वतः आत तासभर बसून बघितलं. अगदी हीच रेष आली, थोडी वर. मी जाडी आहे. हे माणूस माझ्यापेक्षा बारीक आहे. आणि हालचाल करत नाही, गप्प बसून असतं. बाई असावी, नाहीतर किरकोळ अंगाचा पुरुष."

चुंबकवाल्या मॅडम हसल्या. "टाकीबाई, तुम्ही तर गुप्तहेरच निघालात."

मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? आणि तेवढ्यात पडद्यावरची आजची रेष, जी सकाळपासून सरळ पडून होती, माझ्या डोळ्यांदेखत वर उचलली गेली. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली.

"बघा! आत्ता! या घडीला खोलीत माणूस आहे. तेच माणूस!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

जावई रेषेकडे बघत होते. मग त्यांनी फळ्यावरच्या तारखांकडे बघितलं, एकेका तारखेवर थांबून. त्यांचा चेहरा अगदी शांत झाला. खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, "मी बघून येतो," म्हणाले आणि गेले. मी सरांना म्हणत होते, आता कळेल कोणाची खोली गळते ते. मला केवढा आनंद झाला होता.

फळा पुसायला म्हणून मी वळले. पाचवी तारीख होती एकोणीसची. एकोणीस तारखेला बबीचा फोन आला होता, आज येऊ नकोस, न्हाणीघरात पाय घसरला, तोंड सुजलंय. तिच्या वरची तारीख आठ. आठ तारखेला मी स्वतः तिला बाजारात बघितलं, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालून. आणि माझ्या स्वयंपाकघरात, खिळ्यावर, त्या खोलीची दुसरी किल्ली असते. लग्नाआधी बबी माझ्याबरोबर खाली यायची, बॅटरी धरायला. तिला दोन्ही दारं पाठ होती.

आणि त्यांच्या हाताला रुमाल होता.

एका क्षणात सगळं कळलं, आणि जे कळलं ते मला आधीपासून माहीत होतं, हेही कळलं.

कारण बबी माझ्याकडे आली होती. चार महिन्यांपूर्वी, थंडीत, दुपारी दोनला. पायात चप्पल नव्हती. जावई रात्रभर दुर्बिणीवर काम करत आणि दिवसा झोपत. खिडक्यांना काळे पडदे, दाराला फडकी, आणि बबीने घरात मांजराच्या पावलांनी वावरायचं. त्या दिवशी तिच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. ते उठले आणि त्याच झाकणाने त्यांनी तिला मारलं. तिच्या कानामागे खोक पडली होती. मी ती धुतली, कापूस लावला, चहा दिला. आणि म्हटलं, "दिवसा झोपणाऱ्या माणसाचं डोकं फिरतंच गं. जरा जपून वावरावं. भांड्याला भांडं लागतं." तिचा बाप माझ्यावर हात टाकायचा. मी सोसलं होतं, तो गेला तेव्हा रडलेही होते. मला वाटलं, हे असंच असतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काही बोलली नाही. त्यानंतर ती मला भेटायची तर वाचलेल्या वर्तमानपत्रासारखी, घडी घातलेली.

म्हणून ती माझ्याकडे येत नव्हती. साऱ्या जगात एकच खोली अशी होती, जिथे तिचा नवरा पाऊल टाकणार नाही. मी ती खोली भर बैठकीत, टाळी वाजवून, त्याला दाखवली होती.

मी धावले. माझं वय सत्तावन्न आणि गुडघे पासष्टचे. तीन जिने मी कशी उतरले, मला माहीत नाही. मागून मॅडम ओरडत होत्या, "काय झालं? अहो, काय झालं?" मी म्हटलं, "मारील तो तिला!" बाहेरचं दार उघडं होतं. आतलं दारही उघडं होतं.

आत दिवा लावलेला होता. त्या खोलीत मी एवढा उजेड कधी बघितला नव्हता. त्याने तिला केसांना धरून टाकीच्या मागून बाहेर ओढलं होतं. एका हाताने तिचं डोकं धरून तो ते पलीकडच्या भिंतीवर आपटत होता. ओरडत नव्हता. हेच मला विसरता येत नाही, की तो ओरडत नव्हता. दबक्या आवाजात, श्वाससुद्धा जपून घेत, म्हणत होता, "सात रात्री. माझ्या सात रात्री." तिने सुटायला झाडलेला पाय टाकीकडे गेला, तसा त्याने तिला पट्कन बाजूला खेचलं. टाकीला धक्का लागू नये म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून पुन्हा आपटलं.

तिचा खालचा ओठ फाटला होता. जबडा एका बाजूला गेला होता आणि रक्त हनुवटीवरून खाली गळत होतं. तिने मला बघितलं. आई म्हणाली नाही. म्हणता येत नव्हतं, की म्हणायचं नव्हतं, मला अजून ठाऊक नाही.

"सोड! मेल्या, सोड तिला!" मी त्याच्या पाठीवर पडले. चार वर्षांचं अहो-जाहो तिथे संपलं. त्याने मागे न बघता कोपर मारलं, ते माझ्या तोंडावर बसलं आणि मी कपाटावर जाऊन आदळले. तोंडात दाताचा तुकडा आला. कपाटावरचा मोठा पाना हाताला लागला. तो मी त्याच्या खांद्यात घातला, सगळा जोर लावून. हाड वाजल्याचं ऐकू आलं. त्याने तिला सोडलं नाही. उलट खाली पाडलं, तिच्या गळ्यावर गुडघा ठेवला आणि मला म्हणाला, अगदी समजावल्यासारखं, "आई, तुम्ही बाहेर जा. तिघांची ऊब फार होते."

बबीचे डोळे वर फिरायला लागले. तिची टाच फरशीवर आपटत होती. मॅडम जिन्यावर कुठेतरी मदतीला माणसं बोलावत होत्या, पण माणसं तिथून लांब होती आणि गळा तर इथे होता.

मी पुन्हा पाना उचलला असता, तर त्याने तोही खाल्ला असता. मला कळलं, की याला मारून काही होणार नाही. याला दुखतं ते इथे नाही.

टाकीच्या बाजूला एक व्हॉल्व्ह आहे, हवा आत घ्यायचा. त्याचं लाल चाक काढून ठेवलेलं असतं, चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून. टाकी उघडायची असली, की आधी आतला कॅमेरा दोन दिवस गरम होऊ द्यायचा, कारण तो उणे शंभरावर असतो, आणि मग ते चाक तासाला थोडं थोडं, अठरा तास लावून फिरवायचं. मीच शिकवलंय सगळ्यांना. घाई केली तर आतल्या आरशांवर वारा घुसतो आणि गार कॅमेऱ्यावर दव धरून तो तडकतो. एकोणीस वर्षांत मी कधी एक मिनिटाचीही घाई केली नव्हती.

मी चाक बसवलं आणि दोन्ही हातांनी गरागरा शेवटपर्यंत फिरवलं.

टाकी किंचाळली. दुसरा शब्द नाही. हवा आत शिरताना असा आवाज येतो, हे मीही पहिल्यांदा ऐकलं. आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. भोंगा वाजायला लागला.

त्याने तिला सोडलं.

लगेच सोडलं. तिच्या गळ्यावरून उठला आणि टाकीकडे झेपावला. "बंद करा! बंद करा! काय केलंत हे!" आता मात्र तो ओरडत होता. मी चाक काढून पोटाशी धरलं आणि फरशीवर गठडी वळून पडले. त्याने मला लाथा घातल्या. माझं मनगट धरून पिरगाळलं, ते मोडलं, तरी मी चाक सोडलं नाही. मी ओरडत होते, "बबी, ऊठ! बाहेर जा!" आणि ती उठली. पहिल्यांदा कोपरांवर, मग गुडघ्यांवर, तशीच रांगत दारापर्यंत गेली. दारात मॅडमनी तिला खांद्याला धरून बाहेर ओढलं. ती बाहेर गेली हे बघितल्यावर मी चाक सोडलं. पण तोवर त्याला चाकाचं भान उरलं नव्हतं. त्याने व्हॉल्व्हच्या भोकावर आपला पंजा दाबून धरला होता. टाकीने तो आत ओढून घेतला, तळव्याची कातडी फाटली, बोटांमधून रक्त फेसासारखं उडत होतं. हात निघत नव्हता आणि तो काढतही नव्हता. टाकीवर गाल टेकून रडत होता. मोठमोठ्याने, लहान मुलासारखा. चार वर्षांत त्याला एवढं रडू कधी आलेलं मी बघितलं नव्हतं.

मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती, असं कोणी म्हणत असेल तर त्याने माझ्या लेकीचा जबडा बघायला यावं.

पोलिसांनी त्याला त्याच संध्याकाळी नेलं. बबीला इस्पितळात मॅडमनीच आपल्या गाडीतून नेलं, मागच्या सीटवर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिने ते काढून घेतलं नाही, पण डोळेही उघडले नाहीत. मॅडम गाडी चालवताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तारा शांत नव्हताच. त्या सात रात्री काढल्या काय आणि ठेवल्या काय. रेघा फाटलेल्या मी स्वतः बघितल्यात. डागच होते."

"मेला तो ग्रह," मी म्हटलं. "गाडी जरा जोरात घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले सर इस्पितळात आले. माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सर बाकावर माझ्या शेजारी बसले, इकडेतिकडे बघितलं. माणूस वाईट नाही. पण मोठ्या खुर्चीवर बसून बसून माणसाचा आवाज मऊ होतो आणि पाठीचा कणाही.

"कॅमेरा गेला," ते म्हणाले. "आतले आरसेही हलले. दोन वर्षं तरी काही होत नाही."

"मला माहीत आहे."

"टाकीबाई, तुमच्या नोकरीचं एकच वर्ष राहिलं आहे. मी काय म्हणतो, व्हॉल्व्ह जुना झाला होता, आपोआप सुटला, असं लिहू या. तुमच्यावर काही येणार नाही. घरातल्या भानगडीही कागदावर यायला नकोत. झाकली मूठ..."

"व्हॉल्व्ह नवाकोरा आहे, सर," मी म्हटलं. "गेल्या वर्षी मीच बसवला. तो आपोआप सुटेल असा मी कधी बसवला नाही."

"अहो, पण तुम्ही उघडलात म्हटलं तर का उघडलात, तेही लिहावं लागेल!"

"मग तेच लिहा ना!" मी एवढ्या जोरात बोलले, की परिचारिका बघायला आली. "व्हॉल्व्ह आपोआप सुटला म्हणजे काय? मग माझी लेकही आपोआप पडली म्हणायची. तिच्या गळ्यावरचा गुडघाही आपोआप आला. ते पडणं मी आधी एकदा ऐकून घेतलंय. आता नाही. लिहा, टाकीबाईने उघडला. शुद्धीवर असताना, दोन्ही हातांनी. आणि नोकरीवरून काढायचं तर काढा, माझी काही तक्रार नाही."

सर म्हणाले, "एकोणीस वर्षं हो," आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. ती टाकी माझीही होती. पण रडत बसायला वेळ नव्हता, कारण बबीच्या खोलीतून फौजदारबाई मला बोलावत होत्या.

बबीचा जबडा तारांनी बांधला होता. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने जबाब स्वतः लिहून काढला होता, पाच पानं. मला वाटलं होतं, हात थरथरला असेल. अक्षर शाळेतल्यासारखं होतं, गोल आणि सुटं.

फौजदारबाई तरुण होत्या, माझ्या बबीएवढ्याच. म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार आहात, तेव्हा तुमच्यापुरता भाग वाचून दाखवते. ऐका आणि खरं असेल तेवढंच हो म्हणा." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. त्या वाचू लागल्या. खोलीचं वाचलं, भिंतीचं वाचलं, गुडघ्याचं वाचलं. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. मग त्या पान उलटून थांबल्या, बबीकडे बघितलं. बबीने मान हलवली, वाचा म्हणून.

"'चार महिन्यांपूर्वी पतीने झाकणाने मारल्यावर मी आईकडे गेले. आईला जखम दाखवली. तिने जखम धुतली आणि मला जपून वावरायला सांगितलं. मी म्हटलं, मला इथे राहू दे. ती नाही म्हणाली. संध्याकाळी तिने मला स्वतः परत नेऊन सोडलं आणि पतीला सांगितलं, पोर अल्लड आहे, सांभाळून घ्या. त्या रात्री त्याने माझी दोन बोटं मोडली.'"

बोटांचं मला माहीत नव्हतं.

बबी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, मायेनेही नाही. मी काय म्हणते ते बघत होती. मला खूप काही म्हणायचं होतं. मला असं वाटलं नव्हतं, मीही सोसलं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं, सगळं तोंडाशी आलं. तुटलेल्या दाताला जीभ लागली आणि मी गप्प राहिले.

"हे खरं आहे का?" फौजदारबाईंनी विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "आहे तसंच राहू द्या. एक अक्षर काढू नका."

त्यांनी कागद पलंगावरच्या फळीवर ठेवला आणि पेन माझ्यापुढे धरलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी ते डाव्या हातात घेतलं. कागद सरकत होता. बबीने आपला हात पुढे केला, ज्याची दोन बोटं किंचित वाकडी होती, आणि कागदाचं टोक दाबून धरलं. माझी सही वेडीवाकडी आली, निम्मी ओळीच्या खाली गेली. "चालेल का?" मी विचारलं.

"चालेल," फौजदारबाई म्हणाल्या.